बोरू, टाक आणि कातीव लेखणी

मराठी समीक्षेला 'कातीव' हे विशेषण फार प्रिय आहे. कातीव शैली, कातीव ओळ, कातीव संवाद असे शब्दप्रयोग आपण सर्रास करतो. रेखीव, नेमके, अंगावर अनावश्यक काही न ठेवलेले, असे काहीसे त्यातून सुचवायचे असते. हा शब्द मराठीत कोणत्या वाटेने आला, याचा विचार मात्र क्वचितच होतो. 'कातणे' या क्रियापदाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक सूत कातण्याचा, जो सर्वांना ठाऊक आहे. दुसरा अर्थ लाकूड, शिंग किंवा हस्तिदंत फिरत्या यंत्रावर चढवून, त्याला हत्यार लावून गोल उतरवण्याचा. वाड्याच्या माडीवरचे कठड्याचे खांब, पाळण्याचे दांडे, पलंगाचे खूर, बुद्धिबळातली प्यादी ही सारी कातीव कामे. ती करणारा तो कातारी. (खैराच्या लाकडापासून कात काढणारा कातकरी वेगळा, आणि सापाची कात आणखी वेगळी. तिन्ही शब्द उच्चाराने शेजारी बसले असले तरी त्यांची घरे निराळी आहेत.)

म्हणजे लेखनाची वाखाणणी करताना आपण जो शब्द वापरतो तो लेखनव्यवसायातला नाही. ज्यांच्या हाती लेखणी क्वचितच आली, किंबहुना जातिव्यवस्थेने ती येऊच दिली नाही, अशा कारागिरांच्या हत्याराशी तो जन्मला. लेखणी धरणाऱ्याने कातणाऱ्याचा शब्द घेतला, पण त्याची नोंद आपल्या वाङ्मयेतिहासात कुठे होत नाही. आमच्या या टिपणाला निमित्त मात्र अगदी साधे आहे. गेल्या काही वर्षांत लेथवर कातलेली लाकडी पेने भेटवस्तू म्हणून ठिकठिकाणी दिसू लागली आहेत. कोकणात, विशेषतः सावंतवाडीसारख्या लाकूडकामाच्या गावाच्या संदर्भात त्यांना 'पारंपरिक' म्हणण्याचा मोह सहज होतो. मराठी लेखनाच्या इतिहासात कातीव लेखणी खरोखरच होती काय, आणि असली तर कधीपासून, हे तपासून पाहावे असे आम्हांस वाटले.

आरंभ शब्दांपासूनच करू. लेखणीसाठी मराठीत जे शब्द रूढ आहेत त्यांत लाकूड जवळजवळ नाही. 'बोरू' हे एका पोकळ, वेतासारख्या गवताचे नाव. 'कलम' अरबी-फारसीतून आला. त्याचे नाते ग्रीकमधल्या बोरूवाचक शब्दाशी जोडले जाते. 'पेन' इंग्रजीतून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधले पीस आहे. गवत, वेत, पीस. सिंधुदुर्गात तर 'कलम' म्हटले की आधी आंबाच आठवतो. देवगड-वेंगुर्ल्याकडे 'त्यांची दोनशे कलमे आहेत' याचा अर्थ दोनशे लेखण्या असा कोणी घेणार नाही. पण हा केवळ शब्दांचा खेळ नव्हे. कलम करणे म्हणजे छेद देणे. हापूसची काडी तिरकी कापून खुंटावर बांधतात, आणि बोरूचे टोकही तिरकेच कापतात. दोन्ही ठिकाणी सुरीचा कोन चुकला की पुढचे सगळे बिघडते.

हा तिरका छेद बालबोध अक्षराच्या वळणाचा जनक आहे, हे अक्षरलेखन शिकवणाऱ्यांना सांगायला नको. टोक तिरके असल्यामुळे एका दिशेची रेघ जाड उमटते आणि दुसऱ्या दिशेची बारीक. आपल्या छापील देवनागरीतही जाड-बारीक रेषांचा जो मेळ दिसतो तो बोरूच्या टोकाने घालून दिलेला आहे. मोडीची गरज निराळी होती. तेथे हात न उचलता, वर आधीच ओढून ठेवलेल्या रेघेखाली वेगाने लिहायचे. म्हणून बोरूचा कस लागे तो शाई धरून ठेवण्यात आणि कागदावर न अडखळण्यात.

लेखनसाहित्याविषयी जुन्या मराठीत सर्वांत तपशीलवार बोलणारा मजकूर म्हणजे 'दासबोधा'च्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास. 'लेखनक्रिया निरूपण' हेच त्याचे नाव. विद्यार्थ्यांना आपण रामदासांचा राजकारणविचार शिकवतो, मूर्खलक्षणे शिकवतो. हा समास मात्र सुंदर हस्ताक्षराचा उपदेश म्हणून शाळेपुरता उरला आहे. वस्तुतः तो एका कार्यशाळेचा आराखडा आहे. देशोदेशीचे बोरू आणावेत, त्यांतले बारीक आणि सरळ निवडावेत. टाक तोडण्याची साधने, रेघा आखण्याची साधने, हिंगूळ, शाईचा साठा, घोटलेल्या फळ्या, सारे जवळ असावे. पानाच्या कडेला जागा सोडून मधेच लिहावे, म्हणजे कागद कडांनी झडला तरी अक्षर झडणार नाही. ज्याने झडलेल्या पोथ्या हाताळल्या आहेत त्यालाच असा सल्ला सुचतो. आमच्या विषयाच्या दृष्टीने या समासात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली, लाकूड येते ते फळीच्या रूपाने, लेखणीच्या रूपाने नाही. दुसरी, 'टाक' हा शब्द तेथे आहे. आज टाक म्हटले की लाकडी दांडीत बसवलेले पोलादी निब डोळ्यांसमोर येते. सतराव्या शतकात ते निब अस्तित्वातच नव्हते. तोडायचा, म्हणजे टोक काढायचा टाक हा बोरूच्याच जातीचा होता. वस्तू बदलली, शब्द तोच राहिला.

तेव्हा बोरूच्या काळात कातीव लेखणी नव्हती, आणि असण्याचे कारणही नव्हते. गवताची कांडी निसर्गतःच गोल आणि सरळ असते. कातारी जे कष्टाने साधतो ते तिला फुकट मिळालेले आहे. कातकामाला लेखनिकाच्या बैठकीवर वाव होता तो लेखणीच्या आजूबाजूला: डब्या, पेट्या, बैठ्या मेजाचे पाय. ओली शाई टिपण्यासाठी वाळू वापरत. जुन्या मोडी कागदांवर ती अजूनही हाताला लागते. ती वाळू कशात तरी ठेवावी लागेच.

कातीव दांडी मराठी हातात आली ती एकोणिसाव्या शतकात, आणि तिला कारण झाले बर्मिंगहॅम. 1820 च्या दशकापासून तेथे यंत्राने पोलादी निबे काढण्याचा धंदा वाढला आणि शतकाच्या मध्यापर्यंत जगातल्या निबांचा मोठा भाग त्या एका शहरातून जाऊ लागला. निब म्हणजे नुसते पोलादी पातळ टोक. ते हातात धरता येत नाही. त्याला दांडी हवी, आणि दांडीसाठी लाकूड हे सर्वांत स्वस्त साहित्य. अशा रीतीने लेखणीचे दोन तुकडे झाले. टोक परदेशी कारखान्यातले, दांडी कुठल्याही कातकाम करणाऱ्याला करता येण्याजोगी. शाळा आणि कचेऱ्या यांच्यामार्फत ही लेखणी गावोगाव गेली. बोरू लगेच संपला नाही. कित्ता गिरवण्यासाठी तो पुढेही अनेक दशके शाळेत टिकला, कारण पोलादी निबाच्या अणकुचीदार टोकाला तिरका छेद नव्हता आणि त्यामुळे बालबोधाची जाड-बारीक रेघ त्यातून सहजी येत नव्हती. ही तक्रार बोरूच्या बाजूने आम्हांस रास्त वाटते. पुढे बॉलपेन आले तेव्हा शिक्षकांनी त्याविरुद्ध काढलेला सूरही मुळात हाच होता.

आता सावंतवाडीकडे वळू. सिंधुदुर्ग जिल्हा 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. त्यापूर्वीची वाडी म्हणजे भोसल्यांचे संस्थान, जे 1948 मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. गावाच्या मधोमध मोती तलाव, एका बाजूला राजवाडा, आणि चितारआळी. या आळीच्या नावातच वाडीच्या लाकूडकामाचे वैशिष्ट्य आहे. देशावर कातारी आणि चितारी हे दोन वेगळे व्यवसाय. वाडीत मात्र लाकूड उतरवणारा आणि रंगवणारा हात बहुधा एकाच घरातला. त्यामुळे येथले काम निव्वळ कातीव राहिले नाही. भोवरे, खुळखुळे, पोळपाट-लाटणी, चौरंग, भातुकलीचे संच यांबरोबर हुबेहूब फळे आणि भाज्या हे वाडीचे नाव झाले. ती फळे कोरून आणि रंगवून केलेली असतात. सफरचंदाच्या देठापाशी किंचित हिरवा कसा उतरतो, हे चितारी जाणतो. लेथला ते ठाऊक नसते.

जुने कातकाम कसे चाले हे थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण 'कातीव' शब्दाचा खरा अर्थ तेथे आहे. कारागीर जमिनीवर बसे. लाकडाचा तुकडा दोन लोखंडी टोकांमध्ये आडवा अडकवलेला. त्याला दोरीचा वेढा. दोरीची टोके साथीदार आळीपाळीने ओढी, किंवा कारागीर स्वतःच धनुष्यासारख्या कमानीने लाकूड फिरवी. म्हणजे लाकूड एकाच दिशेने सतत फिरत नसे. एकदा कारागिराकडे येई, एकदा त्याच्यापासून दूर जाई. हत्यार कापायचे ते फक्त येत्या फेरीत. परतीच्या फेरीत ते नुसते टेकवून ठेवायचे किंवा हलकेच मागे घ्यायचे. अर्ध्या वेळेला न कापणे हा या कामाचा भाग होता. विजेच्या लेथने ही दुसरी फेरी नाहीशी केली. काम कितीतरी वेगाने होऊ लागले आणि साथीदाराची मजुरी वाचली. त्याबद्दल हळहळण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. दिवसभर दोरी ओढणाऱ्याला त्या कामात कोणता आनंद होता, हे त्याला कोणी विचारलेले नाही.

लाखेचा रंग चढतो तोही फिरण्यातूनच. रंग मिसळलेली लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर पातळ थर बसतो. मग तो एकसारखा पसरवून घोटायचा. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे कारागीर त्यासाठी केवड्याचे पान वापरतात. पानाच्या आतल्या मेणचट पृष्ठाने लाखेला झळाळी येते. ना कुंचला, ना वाळण्याची वाट पाहणे. लाख हे मूळचे किड्यांनी पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर केलेले द्रव्य, आणि लेखनव्यवहारात ते या खेळण्यांच्या कितीतरी आधीपासून आहे. पत्र बंद करून त्यावर लाख ओतून मोहोर उठवीत. 'लखोटा' हा शब्द त्या लाखेतूनच आल्याचे मानतात. टपालाच्या लखोट्याला आज लाख लागत नाही, हे अर्थात निराळे.

वाडीची दुसरी ख्याती गंजिफांची. दशावतारी गंजिफांचा संच एकशेवीस गोल पानांचा असतो, दहा अवतारांची प्रत्येकी बारा पाने. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत छापील पत्त्यांपुढे हा खेळ मागे पडला आणि करणारे हातही उरले नव्हते. 1970 च्या दशकाच्या आरंभी शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी या वृद्ध कारागिराकडून ही विद्या समजावून घेतली, आणि राजवाड्याच्या दरबारातच गंजिफांचे व लाखकामाचे काम पुन्हा सुरू केले. या पुनरुज्जीवनावर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे त्याचा उल्लेख एवढ्यासाठीच की ते काय होते आणि काय नव्हते हे स्पष्ट आहे. गंजिफा वाडीत होत्या, त्या करणारा एक माणूस हयात होता, आणि त्याच्याकडून ती कला उचलली गेली. गंजिफा खेळणारे मात्र त्यामुळे परत आले नाहीत. पाने भिंतीवरच्या चौकटीत गेली. पुनरुज्जीवन झाले ते वस्तूचे, व्यवहाराचे नव्हे.

लाकडी पेनाची गोष्ट याच्या उलट आहे, आणि म्हणूनच ती नीट पाहिली पाहिजे. लाकडाचे फाउंटन पेन जुन्या काळी का रुळले नाही? उत्तर सोपे आहे. लाकूड शाई पिते, फुगते, वाळले की तडकते. कोकणात तर वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस. पावसाळ्यात दारे चौकटीत बसत नाहीत, तिथे टोपणाचे आटे काय बसणार. एकोणिसाव्या शतकात गंधक घालून रबर कठीण करण्याची युक्ती साधली आणि त्यातून एबोनाइट मिळाले. त्याला शाई बाधत नाही, आणि ते लाकडासारखे लेथवर उतरवता येते. फाउंटन पेनाने लाकूड टाकले, पण कातकाम टाकले नाही. आपल्याकडे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आंध्रातल्या राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांचे. त्यांचे काम 1930 च्या दशकाच्या आरंभीचे, स्वदेशीच्या प्रेरणेतले, आणि ती पेने हातलेथवर एबोनाइटपासून उतरवली जात. त्याच सुमारास, 1931 मध्ये, मुंबईत दांडेकर बंधूंनी शाईचा उद्योग सुरू केला, जो पुढे कॅम्लिन म्हणून घराघरात पोचला. मराठी लेखकांच्या दोन पिढ्या अशा पेनांनी आणि अशा शायांनी लिहीत होत्या. 1920 पासून शिरोड्याच्या शाळेत शिकवणारे वि. स. खांडेकर, आरवलीचे जयवंत दळवी, वेंगुर्ल्याकडचे चिं. त्र्यं. खानोलकर, धालवलीचे विंदा करंदीकर: एवढ्याशा पट्टीतून मराठीला किती लेखक मिळाले! त्यांच्या हस्तलिखितांविषयी आपण लिहितो, पण ती कशाने लिहिली हे टिपून ठेवण्याची सवय आपल्याकडे नाही.

लाकूड पेनात परतले ते बॉलपेनामुळे. शाई आता बंद नळीत असते, तिचा लाकडाला स्पर्शच होत नाही. आजचे हातबनावटीचे लाकडी पेन बहुधा असे होते: बोटाएवढ्या जाडीचा चौकोनी तुकडा घ्यायचा, त्याला लांबीच्या दिशेने आरपार भोक पाडायचे (नेहमीच्या बारीक पेनाला 7 मिलिमीटरचे), त्यात पितळी नळी डिंकवायची, मग तो तुकडा लोखंडी सळईवर चढवून लेथवर गोल उतरवायचा, पॉलिशकागदाने घासून चकाकी द्यायची, आणि शेवटी टोक, क्लिप व फिरकी दाबून बसवायची. हे धातूचे भाग तयार संचांत मिळतात. सर्वांत अवघड पायरी कातण्याची नव्हे, भोक पाडण्याची. सुळ तिरका गेला किंवा तापला तर तुकडा उकलतो. उतरवून झाल्यावर लाकडाची जी भिंत उरते ती जेमतेम एक-दोन मिलिमीटरची.

येथे वाडीच्या परंपरेची एक अडचण उघड होते. तिचे ठरलेले लाकूड म्हणजे पांगारा. तांबड्या फुलांचे हे झाड कोकणात कुंपणाला आणि मिरीच्या वेलाला आधार म्हणून लावतात. लाकूड हलके, मऊ, हत्याराला न रागावणारे; खेळण्यांना त्यासारखे दुसरे नाही, आणि ते दुर्मिळ होत गेल्यावर आंबा व इतर लाकडे पुढे आली. पेनाला मात्र पांगारा निरुपयोगी. इतक्या पातळ भिंतीत तो टिकणार नाही, नखानेसुद्धा खळगा पडेल. पेनाला शिसव हवा, खैर हवा. फणसाचे लाकूड चांगले. ताजे असताना हळदीसारखे पिवळे आणि उजेडात वर्षागणिक तपकिरी होत जाणारे. जुन्या माडाचे खोडही कठीण असते. त्यात झाडासारखी वलये नसून गडद तंतू विखुरलेले असतात, त्यामुळे कातल्यावर त्यावर ठिपके आणि तुटक रेषा उमटतात. म्हणजे जिल्ह्यात पेनाला योग्य लाकूड आहे, कातणारा हातही आहे, पण त्या दोघांची गाठ खेळण्यांच्या परंपरेने घालून दिलेली नाही. ती नव्याने घालावी लागते.

म्हणून लाकडी पेनाला 'पारंपरिक' म्हणणे आम्हांस मान्य नाही. ते जुन्या कौशल्यातून आलेले नवे अपत्य आहे, आणि तसे म्हणण्यात कमीपणा कसला? खोटी वंशावळ जोडली की एक नुकसान होते: खऱ्या वंशावळीतली माणसे दिसेनाशी होतात. शंभर वर्षे टाकाच्या दांड्या कोणी कातल्या, कुठे कातल्या, एका दांडीला काय मिळे, याचा शोध कोणी घेतलेला नाही. अभ्यासाचा विषय तो आहे. मराठी हस्तलिखितशास्त्रावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला संस्थानी दप्तरांतल्या खरेदीच्या याद्यांतून, शाळाखात्याच्या सामानाच्या हिशेबांतून त्याचा माग काढता येईल. या याद्यांकडे साहित्याचे लोक जात नाहीत आणि अर्थशास्त्राच्या लोकांना दांडी क्षुल्लक वाटते.

दुसरे असे की, तयार संचातून केलेल्या पेनात स्थानिक असते ते फक्त साल. लिहिणारा भाग दुसरीकडूनच येतो. बर्मिंगहॅमच्या निबाच्या वेळी जी विभागणी झाली तीच आजही चालू आहे: टोक त्यांचे, दांडी आपली. रिफिल संपली की दुसरी मिळेल, पण फिरकी बिघडली तर ते सुंदर लाकूड खणात पडून राहते.

अलीकडे विद्यापीठांतून आणि इतिहास मंडळांतून मोडीचे वर्ग भरतात. तेथे विद्यार्थी तिरक्या छेदाचे निब लावलेली पेने किंवा सरळ जेल पेने वापरतात. बोरूने लिहून पाहिल्याशिवाय मोडीतली जोडणी हाताला कळत नाही, असे शिकवणारे सांगतात. पण आखूड झालेला बोरू धरवत नाही आणि लांब, सरळ बोरू सहजी मिळत नाही. बोरूचा तीन-चार बोटांचा तुकडा घट्ट बसेल अशी खाचेची लाकडी दांडी, मागे निमुळती, बोटांपाशी किंचित जाड, हे वाडीच्या कोणत्याही लेथवर काही मिनिटांत उतरणारे काम आहे. तिला पितळी नळी लागत नाही, क्लिप लागत नाही, आरपार भोक तर नाहीच. टोक मात्र ज्याने त्याने आपल्या हाताने तोडायचे.